बाहेरून आलेली माती

(वसंत व्याख्यानमालेतील स्मृतिव्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आजचं हे पुष्प गुंफलं जातंय, ते सर आम्हाला आठवी ते दहावी भूगोल शिकवायचे. नवा प्रदेश काढला की ते आधी विचारायचे, "तिथला दगड कोणता?" दगड कळला की नदी, नदीनंतर माती, मातीनंतर पीक, मग माणूस. राजे-महाराजे अगदी शेवटी, आणि तेही तास संपत आला असेल तर थोडक्यात. पुढे मी भूशास्त्र शिकलो आणि तेच शिकवत निवृत्त झालो, त्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे.

मी 'ओरेगन' हा विषय कळवला तेव्हा चिटणीसांचा फोन आला. "कॅलिफोर्निया घ्या की, लोकांना माहीत असतं," म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडच्या घराघरातली मुलं कॅलिफोर्नियात आहेत. माझी मुलगी मात्र त्याच्या वरच्या अंगाला, ओरेगनमधल्या हिल्सबरो गावी चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. तिच्याकडे मी दोनदा जाऊन राहिलो. (तिथले लोक या नावाचा उच्चार 'ऑरिगन' असा काहीसा करतात आणि आपण 'गॉन' म्हटलं की हसतात. हे नाव मुळात आलं कुठून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.)

पहिल्या भेटीत जावई मला पोर्टलँड शहरातून पूर्वेकडे, कोलंबिया नदीच्या काठाकाठाने घेऊन निघाला. अर्ध्या तासात उजव्या हाताला कडे सुरू झाले. काळे, थरावर थर चढवलेले, मधूनमधून षटकोनी खांब उभे केल्यासारखे. कड्यावरून मल्टनोमा नावाचा धबधबा १८९ मीटर खाली उडी घेतो. जावई धबधब्याचे फोटो काढत होता आणि मी दगडाला हात लावून उभा होतो. काळवथर! माळशेज घाटात आहे तोच, वरंध्यात आहे तोच. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब ज्यांनी पाहिलेत त्यांना हे खांब ओळखीचे वाटतील.

हे नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही. आपलं दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहून तयार झालं. शंकूसारखा एखादा ज्वालामुखी फुटला आणि काम झालं, असं ते नव्हतं. जमीन उसवत गेली आणि लाव्हा पुरासारखा पसरला, थर थंड झाला की वर दुसरा थर. ओरेगनचा ईशान्य कोपरा आणि शेजारचं वॉशिंग्टन राज्य इथे हेच घडलं, पण फार अलीकडे, सुमारे पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी. आपला लाव्हा राजमहेंद्रीपर्यंत गेला, तिथला थेट प्रशांत महासागराला भिडला. विस्तारात आपण मोठे, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. त्यांचा त्याच्या निम्म्याहून कमी. दोन्हीकडचे दगड शेजारी ठेवले तर भल्याभल्यांना चटकन फरक सांगता येणार नाही.

दगड झाला. आता नकाशा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खालून वर गेलं की कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन अशी तीन राज्यं लागतात. ओरेगनच्या उत्तरेला बहुतांश कोलंबिया नदी, पूर्वेला बरीचशी स्नेक नदी आणि आयडाहो, पश्चिमेला समुद्र. दक्षिणेची हद्द मात्र ४२व्या अक्षांशावर पट्टी ठेवून आखलेली आहे. ती १८१९ च्या तहात अमेरिका आणि स्पेननं ठरवली, आणि आखणाऱ्यांपैकी कोणी ती जमीन पाहिली असेल असं वाटत नाही. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ५५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडं लहान. लोकसंख्या २०२० च्या गणनेत ४२ लाख ३७ हजार. राजधानी सेलम, मोठं शहर पोर्टलँड. काउंट्या ३६ आणि आपले जिल्हेही ३६. योगायोग इथेच संपतो, कारण त्यांच्या हार्नी काउंटीचं क्षेत्र आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट आहे आणि तिथे राहतात सारे सात-साडेसात हजार लोक.

पोर्टलँडच्या नावाची गोष्ट सांगून पुढे जातो. १८४५ मध्ये जागेच्या दोन मालकांपैकी एक बोस्टनचा होता आणि दुसरा मेन राज्यातला. प्रत्येकाला आपल्याकडचं नाव हवं होतं. तीन वेळा नाणं उडवायचं ठरलं. मेनवाला दोनदा जिंकला, म्हणून त्याच्या पोर्टलँडचं नाव पडलं. नाहीतर अमेरिकेत आणखी एक बोस्टन असतं. ते नाणं संग्रहालयात जपलेलं आहे.

पाऊस समजून घेतल्याशिवाय ओरेगन समजत नाही, आणि पाऊस समजायला साताऱ्याच्या माणसाला वेळ लागू नये. समुद्रापासून साधारण दीडशे किलोमीटर आत कॅस्केड्स ही पर्वतरांग उत्तर-दक्षिण उभी आहे. तीत हिमशिखरं आहेत आणि त्यातलं माउंट हूड सगळ्यात उंच, ३,४२९ मीटर. समुद्रावरून येणारे ढग ती अडवते. किनाऱ्यालगतच्या डोंगरांत काही ठिकाणी महाबळेश्वरच्या तोडीचा पाऊस पडतो, आणि कॅस्केड्स ओलांडून पूर्वेला उतरलं की माण-खटावपेक्षाही कोरडा मुलूख लागतो. बर्न्स गावाला वर्षाकाठी तीनशे मिलिमीटरदेखील मिळत नाहीत. चित्रांतलं हिरवंगार, शेवाळलेलं ओरेगन म्हणजे राज्याचा फार तर तिसरा हिस्सा. बाकी ठिकाणी राखी रंगाच्या सेजब्रशची झुडपं आणि वारा.

फरक एवढाच की सगळं ऋतूंच्या उलट. त्यांचा पाऊस हिवाळ्यात पडतो. ऑक्टोबरमध्ये सुरू होतो तो मे-जूनपर्यंत भुरभुरत राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपण छत्र्या मिटत नाही, तेव्हा तिथे गवत वाळून पिवळं पडलेलं असतं. पोर्टलँडचा एकूण पाऊस नऊशे-सव्वानऊशे मिलिमीटर, मुंबईच्या निम्म्याहून कमी. पण तो आठ महिने गळत असल्यामुळे गावाची ख्याती मात्र चेरापुंजीसारखी!

किनाऱ्याचे डोंगर आणि कॅस्केड्स यांच्यामध्ये विलामेट नदीचं खोरं आहे. नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि पोर्टलँडपाशी कोलंबियाला मिळते. ओरेगनच्या दहातली सात माणसं या खोऱ्यात राहतात. तिथली माती खोल आहे, मऊ आहे, सुपीक आहे. ही माती तिथली नाही. आजच्या व्याख्यानाचं शीर्षक तिच्यावरून आहे, म्हणून तिची गोष्ट जरा सावकाश सांगतो.

जे. हार्लन ब्रेट्झ नावाचे भूशास्त्रज्ञ १९२०-२२ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात पायी हिंडत होते. काळवथराच्या पठारावर त्यांना विचित्र घळ्या दिसल्या. नदी नाही, पण नदीनं खोदलेल्या दऱ्या आहेत. पाणी नाही, पण दोन-दोन डोंगर उंचीचे कोरडे धबधबे आहेत. १९२३ मध्ये त्यांनी लिहिलं की हे काम एका प्रचंड पुराचं आहे, आणि तो पूर काही दिवसांत येऊन गेला. त्या काळच्या भूशास्त्राला असं काही ऐकायचंच नव्हतं. बायबलातल्या महापुराशी लढून हे शास्त्र उभं राहिलेलं. सगळे बदल हळूहळू, कणाकणानं होतात हा त्याचा मूळ मंत्र. १९२७ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये ज्येष्ठांनी ब्रेट्झना बोलावून घेतलं आणि एकेकानं त्यांचं म्हणणं खोडून काढलं. त्यातले बरेचजण त्या पठारावर कधी गेलेलेही नव्हते. एका प्रश्नाला मात्र ब्रेट्झकडे समाधानकारक उत्तर नव्हतं: एवढं पाणी आलं कुठून?

ते पाणी मोंटाना राज्यात होतं. हिमयुगात बर्फाच्या एका जिभेनं तिथली नदी अडवली होती. बर्फाचा बांध सुमारे सहाशे मीटर उंच, आणि त्यामागे साठलेल्या सरोवरात दोन हजार घनकिलोमीटरहून जास्त पाणी. आपल्या कोयनेच्या शिवसागरासारखी सातशेवर धरणं भरतील एवढं. बर्फ पाण्यावर तरंगतो हे पोरांनाही माहीत असतं. पाणी पुरेसं चढलं की बांध उचलला जायचा, फुटायचा आणि सरोवर दोन-चार दिवसांत रिकामं व्हायचं. पुन्हा बर्फ सरकायचा, पुन्हा सरोवर भरायचं. १८ ते १५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात असे कितीतरी डझन पूर आले. ते पूर्व वॉशिंग्टनची माती खरवडत कोलंबियाच्या खिंडीतून खाली उतरत, आज जिथे पोर्टलँड आहे तिथे शंभरावर मीटर पाणी चढे आणि फुगवट्यानं ते विलामेटच्या खोऱ्यात उलटं शिरे. तिथे थबके आणि आणलेला गाळ टाकून ओसरे.

मॅकमिनव्हिल गावाजवळच्या एका टेकाडावर सुमारे चाळीस टनांची एक शिळा पडलेली आहे. आसपासच्या कुठल्याही दगडाशी तिचं नातं नाही. हिमनगात अडकून ती शेकडो किलोमीटरवरून, उत्तरेकडच्या रॉकी पर्वताच्या बाजूनं तरंगत आली. लेक म्हणाली, "बाबा, ही आमच्यासारखीच." म्हटलं, फरक एवढाच की हिला व्हिसा लागला नाही.

ब्रेट्झना १९७९ मध्ये अमेरिकन भूशास्त्राचा सर्वोच्च मानाचा पेनरोझ पुरस्कार मिळाला. तेव्हा ते ९६ वर्षांचे होते. विरोधक बहुतेक वारले होते आणि आनंद साजरा करायला चिडवण्याजोगं कोणी उरलं नाही, अशा अर्थाची तक्रार त्यांनी केल्याचं सांगतात.

हे पूर पाहणारी माणसं तिथे होती का, यावर अजून वाद आहे. पण सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी दक्षिण ओरेगनमध्ये माउंट मझामा हा ज्वालामुखी फुटला, तेव्हा माणसं नक्की होती. डोंगराचा माथा आत कोसळला आणि त्या खळग्यात पाऊस-बर्फाचं पाणी साठून क्रेटर लेक झालं. खोली ५९२ मीटर, अमेरिकेतलं सगळ्यात खोल सरोवर. १९०२ पासून तिथे राष्ट्रीय उद्यान आहे. त्या भागातल्या क्लॅमथ लोकांच्या कथांत पाताळाचा देव आणि आकाशाचा देव यांचं युद्ध होतं आणि डोंगर खचतो. त्याच सुमाराच्या ज्वालामुखी राखेखाली फोर्ट रॉकच्या गुहेत १९३८ मध्ये सेजब्रशच्या सालीच्या विणलेल्या डझनावारी चपला सापडल्या. वय नऊ हजार वर्षांहून जास्त. त्यातल्या काहींचे तळवे झिजलेले आहेत.

आता माणसांकडे येऊ. कोलंबियावर सेलायलो नावाचे धबधबे होते. सॅमन मासे समुद्रातून उलटे चढत तिथे यायचे आणि काठाकाठाच्या जमाती लाकडी माच्यांवर उभं राहून लांब दांड्यांच्या जाळ्यांनी ते धरायच्या. (आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण या माशाशी त्याचं काही नातं नाही.) हजारो वर्षं ही बाजारपेठ चालली. माशांच्या हंगामात दूरदूरच्या जमाती इथे देवघेवीला जमायच्या. १० मार्च १९५७ ला खालच्या अंगाला बांधलेल्या डॅल्स धरणाचे दरवाजे बंद केले आणि काही तासांत सेलायलो पाण्याखाली गेलं. धबधब्याचा आवाज थांबला, तो ऐकायला लोक काठावर उभे होते. धरणाखाली गेलेल्या गावांबद्दल महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना मी वेगळं काय सांगणार?

गोरे लोक आले ते समुद्रमार्गे. १७९२ मध्ये कॅप्टन रॉबर्ट ग्रे कोलंबियाच्या मुखात शिरला आणि आपल्या जहाजाचं नाव नदीला देऊन गेला. १८०५ च्या हिवाळ्यात लुइस आणि क्लार्क यांची शोधमोहीम जमिनीवरून पोचली. १८११ मध्ये न्यूयॉर्कचा व्यापारी ॲस्टर याच्या माणसांनी मुखाशी ॲस्टोरिया हे ठाणं वसवलं. हेतू एकच, बीव्हरची कातडी. युरोपात उंच टोप्यांची टूम होती आणि त्या बीव्हरच्या लोकरीच्या व्हायच्या. हा प्राणी आज ओरेगनच्या झेंड्याच्या मागच्या बाजूवर आहे. दोन्ही बाजूंना वेगळं चित्र असलेला झेंडा अमेरिकेत फक्त या राज्याचा.

कातड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर रोगही आले. १८३० पासून तीन-चार वर्षं खालच्या कोलंबियात आणि विलामेटच्या खोऱ्यात तापाची साथ फिरली, बहुधा मलेरिया. काही वस्त्यांमधली दहातली नऊ माणसं गेली. म्हणून जेव्हा गाड्या भरभरून वसाहतवाले आले, तेव्हा त्यांना खोरं रिकामं वाटलं.

त्या गाड्यांना बैल जुंपलेले असत. सिनेमात घोडे दाखवतात, पण बैल स्वस्त, काटक आणि मिळेल ते गवत खाणारे. मिसूरी राज्यातून निघून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास चालायचं. पाच-सहा महिने लागत आणि बहुतेक माणसं पायीच चालत, कारण गाडीत सामान असे. १८४३ मध्ये एकदम हजारेक लोक निघाले आणि पुढे दरवर्षी लोंढे लागले. वाटेत कॉलऱ्यानं माणसं मरत, तरी लोक येतच राहिले, कारण टोकाला जमीन फुकट होती. १८५० च्या कायद्यानं गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर मिळू लागले. त्या सोयीपायी मुलींची कोवळ्या वयात लग्नं उरकली गेली. सुमारे २५ लाख एकर अशी वाटली गेली. मूळ लोकांशी जमिनीचे तह त्यानंतर झाले. आधी वाटप, मग खरेदीखत! वायव्येकडचा हा सगळा मुलूख १८४६ पर्यंत ब्रिटनबरोबर सामायिक होता, तो त्या वर्षी ४९व्या अक्षांशावर कापून वाटून घेतला गेला. १४ फेब्रुवारी १८५९ ला ओरेगन संघराज्यातलं तेहतिसावं राज्य झालं.

ईशान्येकडच्या वॅलोवा खोऱ्यातल्या नेझ पर्स लोकांचं काय झालं ते एवढंच सांगतो: १८७७ मध्ये त्यांना तीस दिवसांत खोरं सोडायला सांगितलं. चीफ जोसेफ आणि त्यांचे लोक लढत लढत कॅनडाकडे निघाले. सीमा सुमारे साठ-पासष्ट किलोमीटर उरली असताना पकडले गेले. जोसेफना वॅलोवात राहायला पुन्हा कधी परवानगी मिळाली नाही.

आता सरांनी तास संपताना आटोपलं असतं त्या भागाकडे, म्हणजे कायद्यांकडे येतो. मी मात्र इथे थांबणार आहे.

आलेल्या वसाहतवाल्यांनी १८४४ मध्ये स्वतःच्या हंगामी सरकारात एक कायदा केला. गुलामगिरीला बंदी. वाचून बरं वाटतं. त्याच कायद्यात पुढे होतं की काळ्या माणसानं, तो गुलाम असो वा स्वतंत्र, ठरल्या मुदतीत ओरेगन सोडून जावं, नाहीतर वीस ते एकोणचाळीस फटके आणि तरी गेला नाही तर सहा महिन्यांनी पुन्हा. फटक्यांचं कलम अंमलात येण्याआधी बदललं गेलं, पण हेतू राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन बुश नावाचे सधन, कृष्णवर्णीय शेतकरी त्याच वर्षी गाड्यांच्या तांड्याबरोबर आले होते. हा कायदा कळल्यावर ते कोलंबिया ओलांडून उत्तरेला गेले आणि पुढे जे वॉशिंग्टन राज्य झालं तिथले आरंभीचे वसाहतकार ठरले.

१८५७ मध्ये राज्यघटनेवर मतदान झालं. गुलामगिरी हवी का? २,६४५ हो, ७,७२७ नाही. स्वतंत्र काळ्या लोकांना राज्यात यायला बंदी घालायची का? ८,६४० हो, १,०८१ नाही. या दोन जोड्या शेजारी मांडून पाहा. गुलामगिरी नको म्हणणाऱ्यांतल्या बहुतेकांना शेजारीही नको होता. संघराज्यात प्रवेश करताना अशी बंदी घटनेत घेऊन आलेलं हे एकच राज्य. पूर्व वॉशिंग्टनची वाहून आलेली माती, मिसूरीहून आलेली माणसं, त्यांनी बरोबर आणलेले बैल आणि फळझाडांची रोपं, आणि या सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता बाहेरचा कोणी नको.

या कुंपणाला आपली माणसंही अडखळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबी मजूर ओरेगनच्या लाकूड कापण्याच्या गिरण्यांत कामाला होते. मार्च १९१० मध्ये पोर्टलँडजवळच्या सेंट जॉन्समध्ये जमावानं त्यांच्या खोल्यांवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हाकललं. तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, ॲस्टोरियात कामगारांची बैठक झाली आणि पुढे गदर पक्ष म्हणून ओळखली गेलेली संघटना उभी राहिली. अध्यक्ष सोहनसिंग भकना, जे स्वतः गिरणीत खपलेले, आणि सरचिटणीस लाला हरदयाळ. या कामगारांत आधीपासून क्रांतीची संघटना बांधणाऱ्यांत आपल्या वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. शेतीशास्त्र शिकायला ते त्या किनाऱ्यावर गेले होते. पुढे ते मेक्सिकोत मका आणि गव्हाच्या वाणांवर काम करणारे नामांकित संशोधक झाले आणि दिएगो रिवेरा या चित्रकारानं त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. १९६७ मध्ये ते नागपुरात वारले. ॲस्टोरियाच्या नदीकाठी मी फिरलो तेव्हा थंड वारा होता आणि चौकशी केली तर समोरच्या दुकानदाराला गदर हा शब्द माहीत होता. आपल्याकडे किती जणांना ॲस्टोरिया माहीत आहे?

भगतसिंग थिंड हेही त्याच गिरण्यांतले. ते अमेरिकन सैन्यात गेले होते. १९२० मध्ये ओरेगनच्या संघीय न्यायालयानं त्यांना नागरिकत्व दिलं, हे मी मुद्दाम सांगतो. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते काढून घेतलं, कारण भारतीय माणूस सामान्य लोकांच्या समजुतीप्रमाणे 'गोरा' ठरत नाही. त्यानंतर कित्येक भारतीयांचं नागरिकत्व गेलं.

दुसऱ्या महायुद्धात पोर्टलँडच्या जहाज कारखान्यांना मजूर कमी पडले, तेव्हा काळ्या कामगारांना बोलावून घ्यावं लागलं. त्यांच्यासह हजारो कामगारांसाठी कोलंबियाच्या पूरपट्ट्यात घाईघाईनं व्हॅनपोर्ट हे शहर उभारलं, बंधाऱ्यांनी वेढलेलं. लोकसंख्येनं ते राज्यातलं दुसरं शहर झालं. ३० मे १९४८ च्या सकाळी घरांच्या दारांत चिठ्ठ्या पडल्या की बंधारे सुरक्षित आहेत, वेळ आली तर कळवू. दुपारी चारनंतर रेल्वेचा बांध फुटला. पंधरा माणसं मेली, साडेअठरा हजार बेघर झाली. तिथे आता शहर नाही.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, कुठल्या मुलखाचं कौतुक घेऊन बसलोय. म्हणून याच लोकांनी घातलेलं दुसरं कुंपण सांगतो. १९०२ मध्ये ओरेगननं नागरिकांना स्वतः कायदा सुचवून थेट मतदानाला टाकण्याचा हक्क दिला. त्याच मार्गानं, सहाव्या प्रयत्नात, १९१२ मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९६६ मध्ये कॅनन बीचवर एका मोटेलवाल्यानं ओंडके लावून वाळूचा तुकडा आपल्या गिऱ्हाइकांपुरता अडवला. ओरड झाली. पुढच्या वर्षी टॉम मॅकॉल गव्हर्नर झाले. १९६७ मध्ये कायदा झाला आणि राज्याचा जवळजवळ सगळा किनारा, कोरड्या वाळूसकट, लोकांचा ठरला. १९७१ मध्ये बाटल्यांवर अनामत ठेवण्याचा अमेरिकेतला पहिला कायदा. १९७३ मध्ये सगळ्यात मोठा: प्रत्येक शहरानं आपल्याभोवती रेषा आखायची, रेषेच्या आत इमारती, बाहेर शेती आणि जंगल.

ही रेषा मी डोळ्यांनी पाहिली. लेकीच्या घरापासून चालत निघालो तर एका बाजूला इमारती संपतात आणि रस्त्यापलीकडे हेझलनटच्या बागा सुरू होतात. मधे प्लॉटिंगच्या पाट्या नाहीत. हिंजवडी किंवा चाकणकडून आलेल्या माणसाला हे बघून भरून येतं. कायद्यानं घरं महाग झाली असा तिथल्या अनेकांचा आरोप आहे, आणि तो खोटा नाही. मॅकॉल तर पाहुण्यांना उघड सांगायचे की बघायला पुन्हा पुन्हा या, पण राहायला येऊ नका. हे वाक्य ऐकताना मला १८४४ चा तो जुना कायदा आठवतो, नाही असं नाही.

रेषेच्या या कायद्याशी पुण्याचीही गाठ पडली. १९८१ मध्ये आचार्य रजनीश कोरेगाव पार्क सोडून गेले आणि त्यांच्या शिष्यांनी मध्य ओरेगनच्या कोरड्या भागात सुमारे ६४ हजार एकरांचं रँच घेतलं. जमीन शेतीची, त्यामुळे तिथे शेतीपुरतीच घरं बांधता येत होती. शिष्यांनी शहर स्थापन केलं, धरण बांधलं, ओसाड उतारांवर झाडं लावली. जमीन-नियोजनाच्या पहारेकऱ्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. शेजारच्या चाळीसेक वस्तीच्या अँटिलोप गावाचं नाव मतदानानं 'रजनीश' झालं. १९८४ मध्ये काउंटीची निवडणूक जिंकण्यासाठी आश्रमातल्या काही जणांनी डॅल्स गावच्या हॉटेलांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले आणि ७५१ माणसं आजारी पडली. १९८५ मध्ये सगळं कोसळलं, रजनीश देश सोडून गेले आणि पुढे पुण्याला परतले. जंतूंचा गुन्हा गुन्हाच. पण भगव्या कपड्यांच्या माणसांकडे शेजाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर १९१० च्या सेंट जॉन्समधून आली नव्हती असं मी म्हणणार नाही.

माझ्या मते जमिनीभोवती घातलेल्या कुंपणासाठी ओरेगनकडून शिकावं, आणि माणसांभोवती घातलेल्या कुंपणासाठीही शिकावं, पण दुसऱ्या कारणानं. आजही तिथे कृष्णवर्णीय शेकडा दोनच्या आसपास आहेत.

घटनेतलं ते बंदीचं कलम अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीनं १८६८ मध्येच निष्प्राण झालं होतं. ओरेगननं ते काढलं १९२६ मध्ये. तरी घटनेत वर्णाचे जुने, निरुपयोगी उल्लेख इतरत्र शिल्लक होते. ते पुसावेत का, यावर २००२ मध्ये मतदान झालं. शब्दच पुसायचे होते, कोणाला काही द्यायचं नव्हतं, कोणाकडून काही घ्यायचं नव्हतं. सुमारे ८ लाख ६८ हजार लोकांनी पुसा म्हटलं. ३ लाख ५२ हजार लोकांनी राहू द्या म्हटलं.